सॉसमध्ये काय आहे?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की पाच-सहा जणांचं टोळकं ठरलेल्या ‘एशियन’ रेस्टॉरंटकडे वळतं. पुणे, ठाणे, नाशिकमध्ये हे चित्र आता नेहमीचं झालं आहे. मंद दिवे, बांबूच्या टोपलीत वाफाळते डिमसम, सुशी, रामेन आणि शेजारी तंदुरी मोमो. रमजानमध्ये काही ठिकाणी ‘इफ्तार प्लॅटर’ही येतं, खजूर आणि फिरनीच्या मधोमध थाई करी. टोळक्यात एक रोजेदार असतो, एक शाकाहारी असते, एखाद्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते. मगरीबची वेळ झाली की खजुराची डबी साऱ्या टेबलावर फिरते. दृश्य मोठं गोड आहे.

घरातली मोठी माणसं मात्र नाक मुरडतात. आपलं सोडून हे कसलं भेसळीचं खाणं, असा त्यांचा सूर असतो. तो काही खरा नाही. इफ्तारचा समोसा इराण-मध्य आशियाकडून इथं आला. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चौघंही मूळचे अमेरिका खंडातले. रोजा आणि उपवास, दोन्हीकडची ताटं परदेशी पाहुण्यांनीच सजलेली आहेत. चिकन मंचुरियन तर मुंबईचंच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र आणून ते केलं, असं सांगितलं जातं. तेव्हा मिसळण्यात वाईट काही नाही. प्रश्न आहे तो काय मिसळलं हे न सांगण्याचा.

मिसो सूप दिसायला साधं. पण त्याचं पाणी बहुधा सुकवलेल्या माशाच्या अर्काचं असतं. थाई करीच्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट असते. भाज्यांवरच्या चकाकत्या सॉसमध्ये कालवं असू शकतात. तेरियाकीत मिरिन किंवा साके, म्हणजे तांदळाची दारू, पडते. तोन्कोत्सु रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. ‘आमच्याकडे चिकन हलालच असतं’ हे उत्तर म्हणून अपुरं आहे, आणि ‘हे व्हेज आहे’ हेही. पाकीटबंद खाण्यावर हिरवा ठिपका असतो, घटकांची यादी असते. ताटातल्या पदार्थाला फक्त वेटरचा शब्द.

म्हणून रोजेदार विचारतो, शाकाहारी मैत्रीण विचारते, अ‍ॅलर्जीवालाही विचारतो. तिघांचा प्रश्न एकच. पण पहिल्याला ‘कट्टर’, दुसरीला ‘सोवळी’ आणि तिसऱ्याला ‘नाजूक’ म्हणून हसलं जातं. ‘अरे, थेंबभरच असतं, चालतं!’ असं कुणीतरी म्हणतं. मग पुढच्या शुक्रवारी तो नुसते फ्राइज मागवतो आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी ‘घरी काम आहे’ म्हणतो. भांडण होत नाही, एक खुर्ची तेवढी रिकामी होते. शहरातली माणसं एकमेकांपासून अशीच, आवाज न करता दूर जातात.

कुरआनने हलालच्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्द ठेवला आहे. तय्यब म्हणजे चांगलं, स्वच्छ. फसवून वाढलेलं अन्न तय्यब कसं होईल? हे समजायला मुसलमान असावं लागत नाही.

हॉटेलवाले म्हणतात, गर्दीच्या वेळी एवढं कोण सांगत बसणार? पण कृती कुणीच मागत नाही. मेनूत पदार्थापुढे मासे, दारू, डुकराचं मांस, शेंगदाणे अशा चार खुणा छापल्या की काम झालं. दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईक हक्कानं हे मागू शकतं. विचारणाऱ्यावरही जबाबदारी आहेच. प्रश्न नम्रपणे विचारावा, शेजारच्याच्या ताटात डोकावून उपदेश करू नये. उत्तर देणारा वेटरही कदाचित रोजेदार असेल आणि घोटभर पाण्यावर रोजा सोडून लगेच ट्रे उचलून आला असेल, याचं भान ठेवावं.

आणि टेबलावरच्या बाकीच्यांनी? हसण्याआधी तोच प्रश्न आपण विचारावा. ‘भाऊ, यांच्यासाठी सांगा, सॉसमध्ये काय आहे?’ एवढ्या एका वाक्यानं रिकामी होऊ घातलेली खुर्ची भरलेली राहील.