शटर किती वाजता पाडता?

अमेरिकेच्या दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये चॅटम काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. मुख्य गाव पिट्सबरो, २०२० च्या जनगणनेत वस्ती जेमतेम साडेचार हजार. रॅले, डरहॅम, चॅपल हिल ही शहरं गाडीने जवळ. बरेच जण सकाळी तिकडे नोकरीला जातात, संध्याकाळी परततात.

आता अशा गावात तुम्ही १० ते ५ दुकान चालवलंत, तर गिऱ्हाईक येणार कधी? ते शहरातूनच पिशवी भरून येणार. आणि आपण म्हणणार, 'शहराने धंदा खाल्ला!'

मला हे पटत नाही. भावात शहराशी भांडू नका, हराल. वेळेत जिंका. पगार शहरात मिळतो, पण माणूस झोपायला गावातच येतो ना?

तुमचं गिऱ्हाईक घरी किती वाजता पोचतं? आठवडाभर लिहून काढा. मगच शटरची वेळ ठरवा.