उजव्या कडेचा रकाना

सातबाऱ्यातील गाव नमुना सात ज्याने नीट वाचला आहे, त्याला त्याची आखणी ठाऊक असते. डावीकडे क्षेत्र व आकारणी, मध्ये खाते क्रमांक, भोगवटादाराचे नाव, फेरफाराचा क्रमांक, आणि अगदी उजव्या कडेला ‘कूळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, हस्तांतरणावरील बंधने या साऱ्यांची जागा या शेवटच्या रकान्यात. कागद हाती असला म्हणजे सगळे रकाने एका नजरेत येतात. तोच तक्ता जसाच्या तसा मोबाइलच्या पडद्यावर मांडला तर नजरेआड प्रथम काय जाते? उजव्या कडेचा रकाना. मालक कोण हे दिसते. त्या जमिनीवर आणखी कुणाचा हक्क वा बोजा आहे ते मात्र पडद्याबाहेर राहते. संकेतस्थळांची मांडणी हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे, हे समजण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे इस्लामपूर. याच नगराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली जाहीर केला. नाव कोणतेही असो, येथील ऊस उत्पादकाचे प्रश्न बदलत नाहीत. सातबारा, पीकविमा, अनुदानाचा अर्ज, सेवा सोसायटीचे कर्ज यांसाठी त्याला शासनाच्या दारी जावेच लागते, आणि ते दार आता बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर उघडते. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हा पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून करावी असे शासनानेच ठरविले. माहिती घेताना जो मोबाइल शासनाला चालतो, त्याच मोबाइलच्या मापाने माहिती देण्याची जबाबदारीही शासनावर येते. परंतु सार्वजनिक संकेतस्थळे बहुधा कार्यालयातील रुंद पडद्यासमोर बसून आखली जातात, त्याच पडद्यावर तपासली जातात आणि त्यावरच मंजूर होतात. वापरणाऱ्याच्या हाती मात्र चार बोटे रुंदीचे यंत्र असते.

याबाबतचा एक धडा वारणेच्या पलीकडच्या काठावरच मिळालेला आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवती कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प आखला गेला. त्याचा गाजावाजा देशभर झाला. पुढे संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा शेतकऱ्याची गरज मुख्यतः आपल्या ऊसाच्या नोंदी आणि हिशोब यांपुरतीच असल्याचे दिसले. म्हणून सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि लघुसंदेश यांचा प्रयोग करण्यात आला, आणि काम भागले. पडदा लहान असणे ही अडचण नव्हती. काय दाखवावयाचे हे वापरणाऱ्याच्या गरजेवरून ठरविले गेले, हे महत्त्वाचे होते.

तंत्राच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. १९९१ सालचे पहिले संकेतपृष्ठ केवळ मजकुराचे होते. पडदा जेवढा रुंद, तेवढ्यात त्याच्या ओळी बसत. पुढे छापील पानाचे अनुकरण सुरू झाले, रुंदी पक्की ठरविली जाऊ लागली आणि ही लवचीकता गमावली गेली. २०१० साली ईथन मारकॉट यांनी तीन गोष्टी एकत्र मांडल्या: रकान्यांची रुंदी प्रमाणात ठेवावी, चित्रे जागेप्रमाणे आक्रसावीत, आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणीचे नियम बदलावेत. त्यांच्या जोडीला पानाच्या शीर्षभागात एक ओळ लिहावी लागते. ती नसेल तर मोबाइल साधारणपणे पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरतो आणि अख्खे पान आक्रसून दाखवितो; मग अक्षरे खसखशीएवढी होतात. मराठीचे हाल त्याहून अधिक, कारण वेलांटी, मात्रा, उकार आणि अनुस्वार यांवरच अर्थ अवलंबून असतो. शासन निर्णय तर छापील कागदाच्या मापाच्या पानांत प्रसिद्ध होतात. ते मोबाइलवर वाचताना एकेक ओळ डावी-उजवीकडे ओढावी लागते.

नियमांचा अभावही नाही. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीने आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांचा आधार घेतला. ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा, असा त्यांतील एक निकष आहे. त्याला सवलत आहे ती ज्यांचा अर्थ दुहेरी मांडणीवर अवलंबून असतो अशा नकाशांना आणि तक्त्यांना. नेमक्या या सवलतीच्या आडोशाला सातबारा जाऊन बसतो! वस्तुतः त्याने तक्ताच राहावे असे काही नाही. छापील प्रतीसाठी विहित नमुना कायम ठेवून, पडद्यावर प्रत्येक खातेदाराची नोंद नाव, क्षेत्र, फेरफार, बोजा, इतर अधिकार अशी एकाखाली एक मांडता येते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की शेतकरी सेवा केंद्रात जातोच, मग हा खटाटोप कशाला? अर्थशास्त्राच्या भाषेत याचे उत्तर सोपे आहे. मांडणी नीट करण्याचा खर्च शासनाला एकदाच करावा लागतो. तो टाळला की नागरिकाला प्रत्येक खेपेस तालुक्याच्या गावाचे भाडे, केंद्राचे शुल्क आणि बुडालेला रोज सोसावा लागतो. खर्च वाचत नाही. तो फक्त सरकारी हिशोबातून उठून मजुराच्या खिशावर जाऊन बसतो. दुसरा आक्षेप म्हणजे, प्रत्येक योजनेसाठी निराळे ॲप काढले की झाले. परंतु स्वस्त फोनमध्ये जागा थोडी असते, ॲप पुनःपुन्हा अद्ययावत करावे लागते, आणि योजना बदलली की ॲपही बदलते. पडद्याच्या मापाने मांडले जाणारे एकच पान सर्वांना पुरते.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशाने उभारलेले कोणतेही संकेतस्थळ स्वस्तातल्या फोनवर, भर उन्हात, मंद जोडणीवर उघडून पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये, आणि ही अट निविदेतच असावी. ही परीक्षा मंत्रालयात घेऊ नये. ती वाळवा तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेत, सातबारा ज्याचा त्याच्याच हाती फोन देऊन घ्यावी. इस्लामपूरजवळ राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना या परीक्षेहून उपयुक्त प्रकल्प कोणता मिळणार? ज्याच्या जमिनीवर बोजा आहे, त्याला तो बोट न हलविता दिसला, तरच ते संकेतस्थळ पूर्ण झाले असे समजावे.