प्रयोगशाळेची रोजकीर्द



माझी पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. गेल्या दिवाळीत ती घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. मार्चमधील प्रयोगांत जीवाणूंची वाढ एकाएकी निम्म्यावर का आली, असे मार्गदर्शकांनी विचारले आणि तिला सांगता आले नाही. करावयाच्या कामांची यादी मोबाइलमध्ये, निरीक्षणे तीन निरनिराळ्या फायलींत, पोषक द्रावणाचे प्रमाण एका चिटोऱ्यावर. फायली दिसायला नीटनेटक्या होत्या. दर महिन्याला ती जुने टिपण पुसून सुधारलेले लिहीत असे. त्या पुसण्यातच उत्तर नाहीसे झाले. तीन महिन्यांचे प्रयोग पुन्हा करणे आले.

“काका, मी तर सगळे व्यवस्थित ठेवले होते,” ती म्हणाली.

मी कपाटातून तिच्या आजोबांच्या दुकानाची रोजकीर्द काढली. आपल्या घरांतील पुष्कळांना ही वही परिचित असेल. व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने त्यात उतरतो. मग त्याच नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात आणि शेजारी पान क्रमांक पडतो. रोजकीर्दीत चूक झाली तर खाडाखोड करावयाची नाही; त्या दिवसाच्या तारखेने दुरुस्तीची नोंद करावयाची. पुतणीने खतावणी ठेवली होती, रोजकीर्द ठेवलीच नव्हती.

थोर शास्त्रज्ञांनाही हा हिशेब चुकला नाही. मायकेल फॅरडे उमेदवारीच्या वयात पुस्तकबांधणीचे काम शिकलेले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रयोगवहीतील परिच्छेदांना त्यांनी १८३२ पासून सलग क्रमांक दिले. १८६० मध्ये ते १६,०४१ वर पोहोचले. एवढ्या क्रमांकांचा उपयोग काय, तर जुन्या निरीक्षणाकडे नेमके बोट दाखविता येते.

आता पुतणीची एकच साधी मजकूर फाइल आहे. तिच्यात रंग नाहीत, चौकटी नाहीत. कोणत्याही संगणकावर ती उघडते आणि देवनागरीही बिनतक्रार राहते. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने तारखेचे मथळे, कारण असे लिहिल्यास संगणक त्यांची क्रमवारी आपोआप बरोबर लावतो. त्याखाली वेळ आणि टिपण. करावयाचे कार्य सुचले की ते त्याच दिवसाखाली “काम” या शब्दाने सुरू होते; पूर्ण झाले की त्या शब्दाच्या जागी “झाले” आणि पुढे तारीख. ओळ जागची हलवावयाची नाही. ते काम कोणत्या निरीक्षणातून उद्भवले हे वरच्याच ओळीत दिसते, आणि वेगळ्या यादीत नेमके तेच हरवते. उरलेली सर्व कामे पाहावयाची असतील तर “काम” हा शब्द शोधला की पुरे. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये रचलेला ऑर्ग-मोड हे सारे संकलन स्वतः करतो. पण पहिल्या महिन्यात मी तिला तो वापरू दिला नाही. साधनांच्या मांडामांडीत नोंद राहून जाते, हा माझा अध्यापनातील अनुभव.

या पद्धतीत एक उणीव आहे. शाईची ओळ खोडली तर दिसते. संगणकावरची पुसली तर मागमूस राहत नाही. म्हणून ती रोज सायंकाळी गिटमध्ये त्या दिवसाची प्रत नोंदविते. तेथे जुनी आणि नवी ओळ दोन्ही पाहता येतात. ज्या प्रयोगशाळांत बांधीव वही आणि स्वाक्षरीचा नियम आहे तेथे तो पाळलाच पाहिजे. ही फाइल त्या वहीची जागा घेणार नाही.

परवा तिचा फोन आला. वाढ पुन्हा घटली होती. तिने फाइलमध्ये द्रावणाचे नाव शोधले. आदल्या मंगळवारी नवी बाटली उघडल्याची ओळ सापडली, आणि तिच्याखाली एक काम, “आम्लता मोजणे”, तसेच राहिलेले. ती मोजावयास निघाली होती. मार्चमध्ये काय घडले ते अद्याप कळलेले नाही.