दावा लावायचा तो कोणावर?

मंडळी, आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दुसरा म्हणतो, सगळ्यांनाच कोर्टात खेचा. मला दोन्ही अमान्य आहेत. का, ते इथेच लिहिते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळे सांगायला नको.

प्रकरण कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाच्याचे. त्याची गाडी लीजवर होती, म्हणजे मालकी फायनान्स कंपनीची, आणि याने दरमहा पैसे भरून वापरायची. मुदत संपायच्या आधीच त्याने दुसरी गाडी घेतली. नव्या गाडीच्या डीलरने जुनी ठेवून घेतली आणि तिची उरलेली रक्कम कंपनीला आपण भरू, असे करारात लिहून दिले. मग सात आठवडे स्वस्थ बसला. शेवटी भरली ती मूळ आकड्याइतकीच. मधल्या काळातले हप्ते आणि दंड कंपनी भाच्याकडे मागते आहे. डीलर म्हणतो, कंपनीशी भांड. कंपनी म्हणते, आमचा करार तुझ्याशी. आणि भाच्याला याच वर्षी घरासाठी कर्ज काढायचे आहे!

मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले. कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला विचारायचे. इथे विचारा, 'भरणारा कोण?' करारात उत्तर स्वच्छ आहे: डीलर. मग दावा त्याच्यावरच. कंपनीकडे पैसा जास्त आहे किंवा तिचे फोन जास्त येतात, म्हणून तिला प्रतिवादी करणे म्हणजे खोडी काढणाऱ्याला सोडून पहिल्या बाकावरच्याला छडी मारणे.

तिथला कायदाही हेच म्हणतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याच्या कलम ११७०९.४ प्रमाणे अशी ठरलेली रक्कम डीलरने २१ दिवसांत चुकती करायची असते. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस. हे गणित मराठीच्या बाईंनाही येते.

आमच्या पुतण्याने एक आक्षेप काढला, आणि तो रास्त आहे. अशा करारांत बहुधा 'आकडा अंदाजे आहे, जास्त निघाल्यास फरक ग्राहकाचा' असेही छापलेले असते. म्हणून कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवावेत: गाडी सोपवली त्या दिवसाचा आणि पैसे पोचले त्या दिवसाचा. पहिल्याच दिवशी आकडा कमी धरला गेला असेल तर तेवढा फरक भाच्याने निमूट सोसावा. त्यानंतर वाढला तो विलंबाचा, म्हणजे डीलरचा. थोडक्यात, कंपनी इथे साक्षीदार आहे, प्रतिवादी नव्हे. तिचे पैसे आधी भरून टाकावेत, म्हणजे क्रेडिट रिपोर्टवर डाग वाढणार नाही, आणि मग तेच डीलरकडून वसूल करावेत.

आता पायरी न चढणाऱ्यांसाठी. ती म्हण पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्या दिवाण्यांतून आली. तिथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात २०२४ पासून एका माणसाला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. सुनावणीला वकील उभा राहत नाही, आणि दावा लावायला नागरिकत्व लागत नाही. 'परक्या देशात कशाला भांडण' हे म्हणणे मला पटत नाही. त्या देशात तो कर भरतो, तर न्याय मागताना परका कसा?

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे दावा लावणारा हरला तर त्याला अपील नाही. म्हणूनच 'सगळ्यांना खेचा' हे शौर्य नको. एकच प्रतिवादी, आणि त्याचे नाव दुकानाच्या पाटीवरचे नव्हे, नोंदणीतले कायदेशीर नाव. सोबत करार, तारखा आणि दोन लेखी आकडे.

असो. याउपर कोणाला भाच्याला सल्ला द्यायचा असेल तर जरूर द्यावा. फक्त आधी तो करार वाचावा, एवढी आत्याची विनंती.