परसातली वठलेली फांदी

२० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी लाकडी घरटी वाटण्याची आता प्रथाच पडली आहे. हेतू चांगला, पण पेटी टांगली की पाखरू आलेच, हा समज मला पटत नाही. सव्वा इंचाचे भोक असले तर चिमणी शिरते, साळुंकी शिरत नाही. हे झाले चिमणीचे. शिंपी पेटीकडे ढुंकूनही पाहणार नाही. त्याला शिवायला रुंद पानांचे झुडूप हवे. तांबट तर आपले घर स्वतःच कोरतो, तेही शेवग्या-पांगाऱ्याच्या वठलेल्या फांदीत. आणि परस नीटनेटके दिसावे म्हणून आपण आधी तोडतो ती नेमकी हीच फांदी!

चिमणी स्वतः दाणे टिपते. पिलांना मात्र सुरुवातीचे दिवस अळ्या-किडेच भरवते. मग गुलाबावर कीटकनाशक फवारायचे आणि शेजारी घरटे टांगायचे, याला काय म्हणावे? (पेटीला रंग दिला की फोटो मात्र छान येतो.)

आपल्या ग्रंथालयामागचा वठलेला शेवगा उन्हाळ्याच्या सुट्टीत तोडणार असे ऐकतो. तांबटाची वीण साधारण जानेवारी ते जून. निदान तोवर तरी कुऱ्हाड थांबावी, एवढीच प्राध्यापकवर्गाला विनंती.