चिखलाने माखलेली मोटार

पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्याने अथवा घोडबंदरच्या बाजूने आलेली मोटार कशी माखते, हे ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील गृहस्थांस सांगावयास नको. हा चिखल म्हणजे नुसती माती नव्हे; त्यात आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या खडीची बारीक, कठीण कच असते. रंगावर ओरखडे उठतात ते या कचेने. म्हणून सुक्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे तिच्या रंगाचा घात करणे होय.

प्रथम गाडी सावलीत निवू द्यावी. मग वरून खाली पाणी सोडून चिखल भिजवावा व तो वाहून जाईपर्यंत हात लावू नये. नंतर दोन बादल्या घ्याव्यात: एकीत मोटारीच्या साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यास स्वच्छ पाणी. टपापासून आरंभ करावा. चाके शेवटी, निराळ्या फडक्याने धुवावीत. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीस लावू नये.

पहाटे गाड्या पुसणाऱ्यास बहुधा एकच बादली मिळते. मग ओरखड्यांचा बोल त्यास का लावावा? दुसरी बादली पुरविणे हे यजमानाचेच काम आहे, असे आम्हांस वाटते.