तोडून निघणाऱ्यांस हसण्यापूर्वी

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून निघण्याचा कौल दिला, तेव्हा आमच्या धरमपेठी सुशिक्षितांनी त्या मतदारांस अडाणी ठरविण्यास क्षणाचाही विलंब लाविला नाही. या मंडळींनी बर्नलीचे नाव ऐकले आहे काय? लँकेशायरमधील हे एकेकाळचे कापडगिरण्यांचे गाव. तेथे शेकडा ६६ हून अधिक मते निघण्याच्या बाजूस पडली. ज्या लँकेशायरसाठी वऱ्हाडचा कापूस आगगाडीत चढला आणि ज्याच्या कापडाने आमचा कोष्टी देशोधडीस लागला, त्याच्याही गिरण्या पुढे स्वस्त परकीय मालापुढे बसल्या. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली आमची एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. तेथील कामगारास बर्नलीच्या मतदाराचे मन समजावून सांगावे लागणार नाही. ज्यांची मुले न्यू जर्सीत वा मिहानात संगणकापुढे बसली आहेत, त्यांस सीमा नकोशा वाटाव्यात हे स्वाभाविक होय. मात्र त्यास उदारमतवाद म्हणू नये.

आता घरचे पाहू. फाजल अली आयोगाने १९५५ साली केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस डावलली गेली. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली. १९५३ च्या नागपूर कराराने कबूल केलेला वाटा कागदावर राहिला, आणि एका हिवाळी अधिवेशनावर आमची बोळवण झाली. तेव्हा महाराष्ट्रातून निघण्याची मागणी निराधार आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु तिचे पुढारपण करणाऱ्या आमच्याच वर्गास विचारणे प्राप्त आहे की, कापसाचा भाव मुंबईच्या मंत्रालयात ठरतो काय? २०२५ च्या ऑगस्टात दिल्लीने परदेशी कापसावरील शेकडा ११ आयातशुल्क उठविले व ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबविली. म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम! सचिवालय नागपुरात असते म्हणून यवतमाळचा शेतकरी यातून सुटला असता काय? सचिवालयाबरोबर जागा येतील, वकिली येईल, कंत्राटे येतील. ती कोणाच्या मुलांच्या वाट्यास जातील हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून वेगळ्या राज्याचा जाहीरनामा जो कोणी लिहील, त्याने कापसाच्या हमीखरेदीचे आणि जिनातील मजुराच्या रोजाचे कलम प्रथम लिहावे. विधानभवन नागपुरात उभेच आहे. त्याची चर्चा मागाहून झाली तरी चालेल.